रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली आणि महाराष्ट्राच्या शेतात लोखंडी नांगर आला

महाड सोडून मुंबई-गोवा हायवेने पोलादपूरकडे निघालं की पुढे सगळे घाटच आहेत. समोर खेडला नेणारा कशेडी, डावीकडे महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी, आणि मागे महाडमधूनच भोरकडे वळणारा वरंध. घाट म्हटलं की क्लच, ब्रेक आणि रेडिएटरची परीक्षा. आणि परीक्षा म्हटली की गॅरेज आलंच.

अशा घाटाखालच्या गॅरेजमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. एखादी जुनी जीप अर्धी उघडून ठेवलेली असते. बॉनेट एकीकडे, सीट दुसरीकडे, इंजिन साखळीच्या कप्पीला लटकलेलं. मालकाला घरी जेवायला बोलावत असतात आणि तो हात काळे करून तिथेच बसलेला असतो. हिला दुसरं इंजिन बसेल का, मागच्या पाट्या वाढवल्या तर चढावर नीट ओढेल का, या चर्चेत त्याचे दोन तास जातात. गाडी चालू झाल्यावर जेवढा आनंद होणार असतो, त्यापेक्षा जास्त आनंद त्याला ती उघडलेली असताना होत असतो.

अमेरिकेत या वेडाला एक नाव आहे. हॉट रॉड.

तर हॉट रॉड म्हणजे काय? भंगारात निघालेली किंवा फुकापासरी मिळणारी जुनी गाडी घ्यायची, तिचं नको ते सगळं वजन काढून टाकायचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं आणि नव्या गाडीलाही मागे टाकेल असं काहीतरी घरच्या शेडमध्ये तयार करायचं. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी जातीच्या दीड कोटी गाड्या बनवल्या. त्यामुळे जुन्या गाड्यांना अमेरिकेत तोटा नव्हता. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन आणलं. मॉडेल टीची ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर होती. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी दोन आणि दोन चार केले. जुन्या हलक्या गाडीत हे नवं इंजिन बसवलं आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांमुळे हे वेड आणखी वाढलं. जानेवारी १९४८ मध्ये तर या विषयावरचं स्वतंत्र मासिकही सुरू झालं.

हॉट रॉड बनवणाऱ्याला विचारलं की सगळ्यात मजा कधी येते, तर उत्तरं साधारण पाच निघतात. एक, जुनी वस्तू पूर्ण उघडून तिचं गुपित समजून घेताना. दोन, जे बाजारात मिळत नाही ते स्वतः घडवताना. तीन, वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकमेकांत बसवताना. चार, पहिल्यांदा चालवून बघताना. आणि पाच, शेवटी रंग देताना.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल ते बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, त्यामुळे हॉट रॉडचा छंद इथे फारसा रुजला नाही. पण या पाच पायऱ्या जगलेला एक मराठी माणूस होऊन गेला. तेही हॉट रॉड हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी. फक्त त्याच्यासमोर गाडी नव्हती, नांगर होता. आणि पाचवी पायरी, म्हणजे रंगाची, त्याच्या नशिबातच नव्हती.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, महाबळेश्वर, वाई, सातारा मागे टाकायचं आणि तसंच पुढे सांगलीच्या बाजूला उतरायचं. पुणे-मिरज रेल्वेलाइनवर एक स्टेशन लागतं, त्यावर त्या माणसाचं आडनाव लिहिलेलं आहे. किर्लोस्करवाडी.

माणसाचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

अभ्यासात रमेना, चित्रात रमे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. त्यामुळे किर्लोस्कर म्हटलं की त्या काळी लोकांना आधी नाटक आठवायचं, कारखाना नाही.

वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पुस्तकं, पोथ्या आणि चर्चा. लक्ष्मणचं मन मात्र शाळेच्या अभ्यासात लागत नव्हतं. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. चित्रं काढायची आणि यंत्रांशी खेळायचं. शिकलेल्या ब्राह्मण घरातल्या मुलाने हातात ब्रश किंवा पाना धरणं ही तेव्हा अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती. वडिलांचा विरोध होता. थोरला भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभा राहिला आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षं बरी गेली. मग एक गोष्ट लक्षात आली आणि सगळं थांबलं.

त्याला काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. तो अंशतः रंगांध होता.

चित्रकार व्हायला घरच्यांशी भांडून मुंबई गाठलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. हात चांगला आहे, नजर चांगली आहे, रेषा पक्की आहे, पण रंग भरोशाचे नाहीत. पैसे भावाने लावलेले. परत गेलं तर वडिलांचं म्हणणं खरं ठरणार.

लक्ष्मण परत गेला नाही. रंगाशिवाय जे चित्र काढता येतं ते त्याने धरलं. म्हणजे यंत्रांची रेखाचित्रं. त्यात लागते ती रेषा, माप आणि एखादी वस्तू समोरून, बाजूने आणि वरून कशी दिसेल याचा अंदाज. रंगाचा संबंध नाही. जे काम नाइलाज म्हणून पत्करलं तेच पुढे त्याच्या सगळ्या आयुष्याचा पाया झालं.

पहिली पायरी : उघडून बघणं

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. आजचं व्हीजेटीआय. आता ते माटुंग्याला आहे, तेव्हा भायखळ्याला होतं. तिथे लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाचित्रं शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

नोकरी शिकवण्याची होती, पण त्यांचा जीव अडकला तो संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. वर्ग सुटले की ते तिथे जायचे. यंत्रं चालताना बघायची, उघडल्यावर आत काय आहे ते बघायचं, स्वतः हात लावून काम शिकायचं. अमेरिकेतून येणारी यंत्रांवरची मासिकं वाचायची. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे शिकले ते असं मोकळ्या वेळात.

यंत्र चालवता येणं आणि यंत्र कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालवणाऱ्याला कुठलं बटण दाबायचं ते ठाऊक असतं. उघडून बघणाऱ्याला कळतं की हा भाग इथेच का ठेवलाय, एवढा जाड का केलाय, आणि तो तुटला तर आधी कुठून तुटेल. लक्ष्मणराव दुसऱ्या जातीचे होते.

त्याच काळात सायकल नावाची नवी गोष्ट मुंबईत दिसू लागली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास आली आणि हवेचे टायर १८८८ साली. याच १८८८ साली भावांनी किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा तिथे त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये होती असं सांगतात, आणि शिकवणीची फी १५ रुपये. म्हणजे लक्ष्मणरावांच्या जवळजवळ दीड वर्षाच्या पगारात एक सायकल, आणि फक्त शिकायचं तरी महिन्याचा एक तृतीयांश पगार.

नोकरी तशी सुरक्षित होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना मिळाली नाही, एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम कोणाला जास्त येतं हा प्रश्नच नव्हता. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

पुढे काय, याची खात्री काहीच नव्हती. डोक्यावर संसार होता आणि हातात होतं ते मोकळ्या वेळात शिकलेलं काम.

दुसरी पायरी : मिळत नाही ते घडवणं

बेळगावात सायकलींचं दुकान होतंच. ज्या रस्त्यावर ते होतं त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. सोबत पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या विकण्याचा उद्योग झाला. पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात या माणसाचं मन रमणारं नव्हतं. छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. जनावरांना अख्खा कडबा टाकला की निम्मा तुडवला जातो, बारीक कापून घातला की वाया जात नाही. शेतकऱ्याला फायदा लगेच दिसतो अशी ही वस्तू.

इथे त्यांना आपलं खरं गिऱ्हाईक सापडलं. शेतकरी. आणि शेतकऱ्याची सगळ्यात जुनी अडचण होती नांगर.

महाड-पोलादपूरच्या भातखाचरात पावसाने चिखल झाला की हलका लाकडी नांगर चालून जातो. घाटावरच्या काळ्या जमिनीचं तसं नाही. ती उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिच्यात हरळी आणि कुंदा माजला की त्याची मुळं खोल जातात. लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटत नाही. मुळं तिथेच राहतात आणि पाऊस पडला की गवत पुन्हा वर. खोल नांगरायचं तर अवजड नांगराला एकामागे एक बैलजोड्या जुंपायला लागायच्या. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याने काय करायचं?

विलायतेत यावर उत्तर निघालं होतं. लोखंडी नांगर. त्याचा फाळ जमीन कापतो आणि मागचा वळणदार भाग ती कापलेली माती उचलून उलटी टाकतो. मुळं वर येतात, उन्हात वाळतात, मरतात. असे परदेशी नांगर भारतात येत होते. लक्ष्मणरावांनी ते बघितले आणि ठरवलं की हे इथेच बनवायचं.

ठरवणं सोपं असतं. नांगर हा दिसायला साधा, पण बनवायला चिवट प्रकार आहे. आधी त्याच्या प्रत्येक भागाचा लाकडी नमुना करावा लागतो. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून नमुना तेवढाच मोठा ठेवायचा. तो वाळूत दाबून साचा करायचा, भट्टीत लोखंड वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. वाळू जास्त ओली असली तर वाफेचे फुगे राहतात, लोखंड पुरेसं तापलं नसलं तर साचा अर्धाच भरतो. फाळ मऊ राहिला तर महिन्यात झिजतो, जास्त कडक झाला तर दगडावर आपटून तुटतो. आणि मागच्या भागाचं वळण थोडं जरी चुकलं तर माती उलटण्याऐवजी पुढे ढकलली जाते आणि बैल दमतात.

कॉलेजची व्याख्यानं ऐकून हे जमत नाही. ओतायचं, फोडून बघायचं, का बिघडलं ते शोधायचं आणि पुन्हा ओतायचं. लक्ष्मणरावांची यांत्रिक रेखाचित्रं इथे कामाला आली. कागदावर भाग सुटे करून बघायची सवय त्यांना होतीच.

१९०३ साली किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

चौथी पायरी, जी दोन वर्षं आलीच नाही

गाडी तयार झाली की किल्ली फिरवायची आणि रस्त्यावर काढायची. हॉट रॉडवाल्याचं एवढं सोपं असतं, कारण गाडी त्याची स्वतःचीच असते. नांगर चालवायचा तर शेतकऱ्याने तो विकत घ्यायला हवा. आणि शेतकरी तो घेईनात.

कारण काय? जमिनीत लोखंड घातलं तर माती विषारी होते अशी समजूत.

आज हसू येतं, पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्याकडे एकच जमीन आणि वर्षातून एकच हंगाम. नवा प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर वाया जातो, शेतकऱ्याचं मात्र वर्ष जातं. लाकडी नांगर गावचा सुतार बनवतो, बिघडला तर तोच दुरुस्त करतो, आणि त्याचे पैसे सुगीला धान्यात देता येतात. हा लोखंडी नांगर मोडला तर जायचं कुणाकडे?

नांगर पडून राहिले. थोडेथोडके दिवस नाहीत, दोन वर्षं. त्यात अडकलेलं भांडवल भावांचं होतं आणि ते फार मोठं नव्हतं. हे पोरकट वेड सोडून पुन्हा सायकली विका असं म्हणायला कोणाचीच हरकत नव्हती. अखेर दोन वर्षांनी सहा नांगर विकले गेले. चालवून बघितल्यावर काम दिसलं. एका शेतातली उलटलेली माती बांधावरून शेजाऱ्याला दिसली की जाहिरातीची गरज उरत नाही. मागणी हळूहळू वाढू लागली.

आणि गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच नोटीस आली. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या नव्या वस्तीसाठी त्यांच्या वर्कशॉपची जागा हवी होती. कारखाना हलवा.

दुकान हलवता येतं. भट्टी, यंत्रं, तयार माल, कच्चं लोखंड आणि शिकवून तयार केलेली माणसं घेऊन जायचं कुठे?

तिसरी पायरी : जे मिळेल ते एकमेकांत बसवणं

मदतीला आला तो औंध संस्थानचा राजा. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून आज त्यांचं नाव जास्त घेतलं जातं. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज.

१९१० साली किर्लोस्कर मंडळी तिथे पोचली. जमीन होती, पण ती माळरानाची. निवडुंग, दगड आणि साप. पाणी नाही. जमेची बाजू एकच होती. रेल्वे स्टेशन शेजारी होतं, म्हणजे लोखंड, कोळसा आणता येणार होता आणि नांगर पाठवता येणार होते.

इथे हॉट रॉडची तिसरी पायरी आठवा. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीची, सीट तिसरीची, आणि सगळं मिळून एक गाडी चालली पाहिजे. लक्ष्मणरावांनी या वेळी यंत्राचे नाही तर माणसांचे भाग जुळवले. कारखाना आणि यंत्रं शंभूअण्णा जांभेकरांकडे. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर इंजिनिअरिंगच्या कामात. के. के. कुलकर्णी व्यवस्थेत आणि पडेल त्या कामात. रामूअण्णा वसाहतीच्या आखणीत. यातल्या बहुतेकांकडे त्या कामाची पदवी नव्हती. फळणीकरांचं तर शिक्षण अर्धवट सुटलेलं. लक्ष्मणराव कागद बघत नव्हते, माणूस कुठे बसतो ते बघत होते.

एवढंच नाही. पूर्वी गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीच्या कामावर ठेवलं, ज्यांच्याकडे गाव संशयाने बघायचं त्यांच्याकडेच कारखान्याची रखवाली दिली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा नियम केला. साल १९१० च्या आसपासचं, हे लक्षात घ्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून सतरा वर्षं होती.

निवडुंगाच्या माळावर घरं, रस्ते, शाळा असं पूर्ण गाव उभं राहिलं. टाटांचं जमशेदपूर साधारण त्याच काळात आकार घेत होतं. पण तिथे मागे प्रचंड भांडवल होतं. इथे होतं दहा हजारांचं कर्ज.

भंगारातून इंजिन : तोफांचे नांगर झाले

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून माल येणं आटलं, त्यामुळे परदेशी नांगर बाजारातून गेले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. आनंदाची बातमी इथेच संपते. कारण जहाजं थांबल्यावर फक्त नांगर नाही, कच्चं लोखंड, कोळसा आणि रंगही यायचे थांबले. मागणी दारात उभी आणि भट्टीत टाकायला काही नाही.

अशा वेळी हॉट रॉडवाला काय करतो? भंगारवाल्याकडे जातो.

कोल्हापूर संस्थानच्या किल्ल्यावर जुन्या तोफा पडून होत्या. त्या काळाच्या लढाईत त्यांचा उपयोग शून्य. पण तोफ म्हणजे शेवटी ढीगभर लोखंड. राजर्षी शाहू महाराजांनी त्या किर्लोस्करांना दिल्या. ज्या तोफांनी कधीकाळी किल्ले राखले, त्या किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि नांगराचे फाळ होऊन शेतात गेल्या. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा आला. कारखाना चालू राहिला.

आणि रंग? नांगराला रंग लागतो तो सजावटीसाठी नाही, गंजू नये म्हणून. ज्या माणसाला रंग ओळखता येत नसल्यामुळे चित्रकला सोडावी लागली, त्याच्या कारखान्याची एक मोठी अडचण रंग मिळत नाही ही होती. रंगाने लक्ष्मणरावांना दोनदा अडवलं. दोन्ही वेळा ते थांबले नाहीत.

वाडीचा पसारा

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून किर्लोस्कर खबर सुरू केली. तिचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकं आली. नांगराच्या कारखान्यातून निघालेली ही तीन मासिकं मराठी घराघरांत वाचली गेली. ज्या घरात नांगर चालत नव्हता, त्या घरातही किर्लोस्कर हे नाव पोचलं ते असं.

कारखान्यात नांगरापाठोपाठ पंप आला. पुढे डिझेल इंजिनं, यंत्रं बनवणारी यंत्रं आणि विजेच्या मोटारी हा सगळा पसारा कुटुंबाच्या पुढच्या पिढीने वाढवला. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून आला. बापाला कुठलीच पदवी नव्हती, मुलाकडे जगातल्या नावाजलेल्या संस्थेची होती, आणि दोघं एकाच कारखान्यात काम करत होते. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला.

मग १९४८ साल आलं. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा जवळपास ७९ वर्षांचे होते. निवडुंग उपटून वसवलेलं सगळं जळाल्याचं दुःख सोसायची वेळ त्यांच्यावर आली. एखाद्याने वाडी कायमची सोडली असती तर कोणी नावं ठेवली नसती. किर्लोस्करांनी ती सोडली नाही. कारखाना पुन्हा उभा केला गेला आणि पुन्हा सुरू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मग सगळ्यात मजेची पायरी कुठली?

लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे बघितलं तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रंग देण्याची पायरी त्यांना मिळालीच नाही. चालवून बघण्याची पायरी आली, पण दोन वर्षं छळून आली. त्यांना पुन्हा पुन्हा ज्या पायऱ्यांकडे जावंसं वाटलं त्या पहिल्या तीन. उघडून बघणं, घडवणं आणि जुळवणं. व्हीजेटीआयच्या वर्कशॉपमध्ये, बेळगावच्या भट्टीपाशी आणि कुंडलच्या माळावर ते तेच करत राहिले. प्रत्येक वेळी समोर पडलेली वस्तू लोकांच्या लेखी निरुपयोगी होती. रंगांध चित्रकार, कोणी न घेतलेला नांगर, सापांचा माळ, गंजलेल्या तोफा.

गाडी असो की नांगर, हे वेड महाग पडतं. वेळ जातो, पैसे जातात, घरचे वैतागतात आणि पहिल्या फटक्यात काहीच चालत नाही. पण आज घाटाखालच्या एखाद्या गॅरेजमध्ये पोरगा इंजिन उघडून बसला असेल आणि त्याला कोणी विचारत असेल की यातून मिळणार काय, तर त्याला सांगण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

शेवटी एवढंच. २० जून १९६९ रोजी, लक्ष्मणरावांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. ज्याला चित्रकार व्हायचं होतं आणि होता आलं नाही, त्याचंच चित्र देशभरातल्या पाकिटांवर चिकटून घरोघर फिरलं.